चीफ, दीवचा हिशोब बरोबर आला

प्रिय चीफ,

तुझं खरं नाव लिहायचं नाही असं तूच बजावलंस, म्हणून यांनी ठेवलेलं नाव लिहिते. नेव्हीत चीफ म्हणजे चीफ पेटी ऑफिसर. हुकूम ऑफिसर सोडतात आणि जहाज चीफ चालवतात, असं यांचं पहिल्यापासूनचं मत. पहिल्या दिवशी तू यांच्या डाव्या हातावर दोन बोटं टेकवलीस, फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेल्या जागेची, थरथर बघितलीस आणि म्हणालास, "काका, इंजिन चालू आहे." घरी येईपर्यंत टॅक्सीत हे तेवढंच घोळवत होते. तेव्हापासून तू चीफ.

परळचं डायलिसिस सेंटर सोडून तू बदलापूरला घराजवळ गेलास त्याला पंधरा दिवस झाले. बरं केलंस. पहाटेची लोकल पकडून सहाच्या शिफ्टसाठी मशीन तयार ठेवायची, हे किती वर्षं करणार? तुझ्या शेवटच्या दिवशी मी पेढे आणले होते. नेमकं चार नंबरच्या आजोबांचं प्रेशर उतरलं आणि तू तिकडे धावलास. पेढे सिस्टरनी वाटले. तुझ्या हाताला एखादा तरी लागला की नाही, देव जाणे. म्हणून हे पत्र, तू जमवून दिलेल्या आमच्या दीवच्या फेरीचं. आणि ते सगळ्यांदेखत अशासाठी, की खोलीबाहेरच्या बाकावर बसणाऱ्या माझ्यासारख्या बायकांनीही ते वाचावं. बाकावर आम्ही एकमेकींना भाजी चिरून कोमट पाण्यात किती वेळ ठेवायची ते सांगतो, कोणाचं पोटॅशियम किती आलं ते सांगतो. चार तास सुटका नसते, बोलणार काय? पण कुठे गावाला जाऊन आलो, असं त्या बाकावर मी कधी ऐकलं नव्हतं.

यांचं डायलिसिस सुरू होण्याआधी आम्ही खूप फिरलो. हे २०११ साली माझगाव डॉकमधून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी बॅग भरली. आमच्या वयाची माणसं काशीला जातात. यांची देवळं वेगळी. विशाखापट्टणमला समुद्राच्या वाळूत उभी केलेली 'कुरसुरा' पाणबुडी बघितली. तिच्या पोटातून मी वाकून वाकून चालले आणि हे मात्र प्रत्येक वायरपाशी थांबत होते. २०१४ मध्ये द्रासला, कारगिल युद्धाच्या स्मारकाला गेलो. तोलोलिंगचा डोंगर स्मारकाच्या अगदी पाठीशीच उभा आहे. तिथला जवान हाताने दाखवत लढाई सांगत होता आणि यांना धाप लागलेली. मी म्हटलं, बसा जरा. तर म्हणाले, "तो उभा आहे ना?" त्यांच्या या असल्या उत्तरांना माझ्याकडे आजवर उत्तर सापडलेलं नाही.

मग २०१९ साली दिल्ली. फेब्रुवारीत राष्ट्रीय युद्ध स्मारक उघडलं, आम्ही दिवाळीनंतर गेलो. तिथे एकात एक चार चक्रं आहेत. त्यांतल्या त्याग चक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेक नाव कोरलेलं. पंचवीस हजारांच्या वर नावं. यांना त्यांतलं एकच हवं होतं. मी माझा नवा गुडघा सांभाळत सावलीत बसले आणि हे मान वर करून वाचत हिंडत होते. तासाभराने हाक आली. गेले तर यांचं बोट विटेवर, आणि तोंडाने काही नाही.

त्या नावाबद्दल तू मला एकदा विचारलं होतंस, "काकू, काका नऊ डिसेंबरला सुट्टी का मागतात?" तेव्हा सिस्टर आल्या आणि सांगायचं राहून गेलं. आता सांगते.

हे आणि तो, दोघंही कोकणातले. जामनगरला नौदलाच्या 'वालसुरा' शाळेत इलेक्ट्रिकलचं शिक्षण एकत्र घेतलं. पुढे तो 'खुकरी'वर गेला, हे दुसऱ्या जहाजावर. १९७१च्या लढाईत पाकिस्तानी पाणबुडी शोधायला 'खुकरी' आणि 'किरपाण' पाठवल्या. ९ डिसेंबरच्या रात्री पावणेनऊच्या सुमाराला दीवच्या समोर, खोल समुद्रात, 'हंगोर' पाणबुडीने 'खुकरी' बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडायला तयार झाले नाहीत, जहाजाबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. लोक ही गोष्ट मुल्लांपाशी थांबवतात. त्यात काही वावगं नाही. पण हे नेहमी पुढचं विचारतात, "आणि खाली होते त्यांचं काय?" यांचा मित्र वीस वर्षांचा होता. इलेक्ट्रिशियन. म्हणजे खालीच असणार.

आता यातली गंमत बघ. गंमत म्हणू नये, पण दुसरा शब्द सुचत नाही. पंधरा वर्षांची नोकरी करून हे नेव्हीतून बाहेर पडले, माझगाव डॉकला लागले, आणि तिथे त्यांच्या वाट्याला आली ती नवी 'खुकरी'. त्याच नावाची दुसरी. १९८९ साली ती नौदलात दाखल झाली. तिच्या केबली ओढणाऱ्यांत हे होते. घरी येऊन आंघोळ करायचे, जेवायचे, झोपायचे. त्या जहाजाबद्दल चकार शब्द नाही. तीही २०२१च्या डिसेंबरात निवृत्त झाली आणि पुढच्या महिन्यात दीवला गेली, संग्रहालय म्हणून. ज्या किनाऱ्यासमोर पहिली बुडाली, त्याच किनाऱ्याला दुसरी लागली.

एवढं सगळं दीवला असताना आम्ही द्रासला जाऊन आलो, विशाखापट्टणमला जाऊन आलो, आणि दीव राहिलं. "दीव काय, इथल्या इथे आहे, कधीही जाऊ." हे वाक्य मी दहा वर्षं ऐकलं. ते लांबणीवर टाकत होते, हे मला कळत होतं. मीही जोर केला नाही. आणि मग २०२१ मध्ये मूत्रपिंडं गेली. वीस वर्षांची साखर, त्यात प्रेशर. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास. दिवसाला पाऊण लिटर पाणी, त्यात चहाही आला, आमटीही आली.

दीवचं यांनी पहिल्यांदा एका मोठ्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी फाइलमधून मान वर न काढता सांगितलं, "आता प्रवास विसरा." त्यांचा हेतू वाईट नसेल. पण त्या दिवशी परत येताना डॉकयार्ड रोडला उतरून हे घरी न येता माझगावच्या टेकडीवरच्या बागेत जाऊन बसले. तिथून गोदी दिसते. मी अर्ध्या तासाने शोधत गेले.

तू मात्र पहिला प्रश्न विचारलास तो असा: "काका, दोन डायलिसिसच्या मध्ये किती तास हवेत तुम्हाला?"

चीफ, तुला वाटत असेल तू काही विशेष केलं नाहीस. मी सांगते काय केलंस. डायलायझरच्या, म्हणजे रक्त गाळायच्या नळीच्या, रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडून घेतलास आणि त्यावर बॉलपेनने मांडलंस. शुक्रवार ८ डिसेंबर, सकाळची शिफ्ट, परळ. दुपारची गाडी. शनिवारी सकाळी वेरावळ, तिथून गाडीने अडीच तास, दीव. शनिवार-रविवार तिथे. सोमवारी डायलिसिस वेरावळला, आणि मग परतीचा प्रवास. म्हटलं, "सोमवारी सरळ मुंबईला आलो तर?" तर तू आवाज चढवलास. एरवी तू मोठ्याने बोलत नाहीस. "काकू, दोन दिवसांची गॅप आधीच आहे, तिसरा दिवस मी देणार नाही." त्या एका 'देणार नाही'मुळे मला धीर आला, हे तुला कधी सांगितलं नाही.

वेरावळच्या एका सेंटरने फोनवरच नाही म्हटलं. दुसऱ्याने हो म्हटलं, पण हिपॅटायटिस आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट मागितले. ते करून घ्यायची आठवण तू तीनदा केलीस. एका कागदावर यांचं कोरडं वजन (अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावरचं), रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचा डोस, पंपाचा वेग, सगळं लिहून दिलंस. मागच्या बाजूला यांच्या हाताचं चित्र काढलंस. मनगटाकडे लाल टिंब, खांद्याकडे निळं टिंब, आणि जिथे सुई घालायची नाही तिथे फुली. चित्र चांगलं नव्हतं, हात कमी आणि पडवळ जास्त दिसत होतं. यांनी ते पाकिटात ठेवलं, माझ्या फोटोच्या पुढे. आणि निघताना शर्टाच्या डाव्या बाहीवर चिकटपट्टी लावून लिहिलंस, "या हाताला सुई नाही, प्रेशर नाही, बॅग नाही." गाडीत तिकीट तपासनिसाने ती वाचली आणि यांची बॅग स्वतः उचलून बर्थखाली सरकवली.

शेवटी दारात म्हणालास, "नारळ समुद्राला द्या काका, पाणी स्वतः पिऊ नका." डायलिसिसवाल्याला शहाळं म्हणजे विषच. हे इतके हसले की मला वाटलं प्रेशर वाढेल.

दीवला समुद्राकडे तोंड करून एका उंचवट्यावर ते स्मारक आहे. काचेच्या पेटीत 'खुकरी'ची प्रतिकृती. मला वाटलं होतं यांना काही होईल, मी सॉर्बिट्रेट, ती छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी, मुठीत धरून उभी होते. पण हे काचेला नाक लावून बघायला लागले आणि म्हणाले, "मास्ट जरा पुढे हवा होता." मग नारळ वाढवला. पाणी खाली सांडलं, वाटी लाटेत सोडली. बस.

रात्री हॉटेलच्या गच्चीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. साडेआठला मी म्हटलं, चला जेवायला. म्हणाले, थांब. घड्याळ मांडीवर काढून ठेवलं होतं. पावणेनऊ झाले. समोर अंधार, लांब मासेमारीच्या होड्यांचे दोन-तीन दिवे. नऊला दहा कमी असताना म्हणाले, "चल आता. फॉस्फरसची गोळी घेतलीस ना बरोबर?" बावन्न वर्षांचं जे काही होतं ते त्या पाच मिनिटांत झालं असावं. मी विचारलं नाही.

रविवारी दुसरी 'खुकरी' बघितली, बाहेरूनच. शिडी बघून माझ्या गुडघ्याने नकार दिला आणि यांचा डावा हात कठड्याला लावायची माझी तयारी नव्हती. हे किनाऱ्यावरून बोट दाखवत राहिले, ब्रिजच्या खाली, तिथून मागे, तिथे आपल्या केबली. एक शाळकरी मुलगा ऐकत उभा राहिला, मग त्याचे वडील, मग आणखी दोघं. चौतीस वर्षं न बोललेलं त्या चार अनोळखी माणसांना सांगितलं. मला थोडा राग आला, खरं सांगते.

आणि सोमवार. वजन दोन किलो चारशे वाढलेलं, गच्चीतल्या दोन चहांचं मी कबूल करते. वेरावळची मुलगी नवी होती, बिचारी घाबरली. पहिली सुई शिरेबाहेर गेली, हात फुगला, हे दात आवळून गप्प. मी तुला फोन लावला. तुझी तिकडे शिफ्ट भरलेली असणार, तरी उचललास. व्हिडिओ सुरू केलास आणि आधी त्या मुलीशी बोललास, आमच्याशी नाही. "बेन, घबराओ मत, पहले बरफ, दस मिनट रुको." गुजराती तुला एवढीच येते, बेन. मग तो पडवळाचा कागद काढायला लावलास. लाल टिंबापासून बोटभर वर, सुई जरा आडवी. दुसऱ्या वेळी बरोबर लागली. मशीन सुरू झालं तसा तू फोन ठेवलास. 'आभारी आहे' म्हणायला तेवढाही वेळ दिला नाहीस.

ते आज म्हणते. आभारी आहे रे बाळा. आम्ही दोघंही.

तुझ्या जागी आलेला मुलगा चांगला आहे. हे त्याला उगाच छळतात, "चीफ असं करत नसे" म्हणून. काल मी रागावले, तर आज त्याला हातावरची थरथर मोजायला स्वतः शिकवत होते.

एक काम आहे. हे आता कारवारचं काढून बसलेत. परमवीर चक्रवाले रामा राघोबा राणे, त्यांचा पुतळा तिथे समुद्रावर आहे, आणि बाजूला 'चपल' ही जुनी मिसाइल बोट. कोकण रेल्वेने जायचं म्हणतात. जाताना शुक्रवार, येताना सोमवार. सोमवारचं डायलिसिस कारवारला की मडगावला, यावर आमचं भांडण चालू आहे. गाड्यांच्या वेळा लिहून सोबत पाठवते. पुठ्ठा यांनी जपून ठेवलाय, त्याची एक बाजू कोरी आहे. रविवारी घरी असलास तर आम्ही बदलापूरला येतो. चहा अर्धा कपच कर.

तुझी,
काकू