डलन की डिलन?

प्रिय बाळा,

काल फोनवर तू विचारलंस ना, आई इकडे लंडनला सगळे मला डिलन म्हणतात, मी करेक्ट करू का? तेव्हा कढई गॅसवर होती म्हणून नीट बोलता आलं नाही. मराठीत लिहितेय, हळूहळू वाच.

नाव मामगीनं, म्हणजे तुझ्या वेल्श आजीनं सुचवलं होतं. तू दोन दिवसांचा होतास, इथे वेल्समध्ये स्वान्सीच्या हॉस्पिटलात माझ्या उशाशी बसून तिनं मला मॅबिनोगी ह्या जुन्या वेल्श दंतकथांतली गोष्ट सांगितली, चौदाव्या शतकातल्या हस्तलिखितांत आहे ती. अरिआनरॉड राजाच्या जादूच्या काठीवरून पाय टाकते आणि तिथल्या तिथे पिवळ्या केसांचं धडधाकट पोर जन्माला येतं. त्याचं नाव ठेवतात डलन, आणि नाव ठेवल्या ठेवल्या ते पोर तडक समुद्राकडे जातं, माशासारखं पोहायला लागतं, त्याच्याखाली कधी एकसुद्धा लाट फुटली नाही म्हणतात. पुढे त्याला त्याचा सख्खा मामाच मारतो. मला लगेच कंस आठवला आणि मी इतकी रडले की नको हेच नाव असं म्हणणार होते, पण मामगीनं अर्थ सांगितला. त्यात 'लानव' हा वेल्श शब्द आहे, म्हणजे भरती. त्यातला ल आपला नाही, जीभ ल ला टेकवायची आणि बाजूनं हवा सोडायची, मला जमायला दोन वर्षं लागली.

मालवणला आजीला फोन करून सांगितलं नातवाचं नाव भरती, तर ती खुश, म्हणाली उधाणाच्या दिवशी आपलं पाणी माडांपर्यंत येतं तसा जोराचा होऊ दे पोरगा. इथलं उधाण तिला फोटोत दाखवलं तेव्हा मात्र गप्प झाली, स्वान्सीला मोठ्या भरतीला पाणी आठ-नऊ मीटर चढतं-उतरतं.

आता उच्चार. वेल्शमध्ये Dylan मधल्या वाय चा उच्चार आपल्या अ सारखा, म्हणून डलन. मी आजीला पत्रात देवनागरीत लिहिलं आणि तिनं पहिल्याच फटक्यात बरोब्बर वाचलं, इंग्लिश नर्सला तीन वेळा सांगूनही जमलं नव्हतं. पण डिलन चूक आहे असंही नाही रे. डिलन थॉमस, आपल्याच गावात 1914 साली जन्मलेला कवी, त्याच्या आधी हे नाव फारसं कुणी ठेवत नव्हतं, त्याच्या वडिलांनी ह्याच गोष्टीतून उचललं. डलन ऐकून पोरं 'डल वन' म्हणून चिडवतील ह्याची त्याच्या आईला काळजी होती, आणि तो स्वतः डिलनच म्हणायचा. मला ती आई फार जवळची वाटते, मीसुद्धा तू शाळेत जायला लागलास तेव्हा हाच विचार करत रात्र रात्र जागी असायचे.

तेव्हा लंडनवाल्यांना तुला वाटेल ते म्हणू दे. पण रविवारी आजीचा व्हिडिओ कॉल आहे, तिकडची दुपार म्हणजे तुझी सकाळ, झोपून राहू नकोस. ती डलनच म्हणणार.

तुझी आई