भिंतीकडची बाजू

प्रिय मित्रा,

आपलं ते शेडमधलं वाफेचं इंजिन तोडलं रे. फोटो आला मला, कुणी पाठवला ते तुला सांगायला नको. पाइप आणि रॉड गॅसने कापलेत, पण बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गॅसने धड कापलं जात नाही ना, म्हणून फ्लायव्हील, ते मोठं चाक, घण घालून फोडलंय. ते वाकडे आरे एकावर एक पडलेत. घरात कुणाला दाखवला असता तर भंगाराचा फोटो म्हणून बाजूला ठेवला असता. फोन करणार होतो, पण फोनवर तू मधेच बोलतोस आणि मला हे सगळं एका दमात सांगायचंय.

तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच आहे.

तर त्या इंजिनाचं मॉडेल. आपण शेडमधे घेतलेल्या मापांची वही अजून माझ्याकडे आहे, तुझ्या ग्रीसच्या बोटांसकट. त्यावरूनच सुरू केलं, 1:24 मधे. एक फूट म्हणजे बरोबर अर्धा इंच, त्यामुळे ते आठ फुटी फ्लायव्हील चार इंचांचं झालंय, टेबलावर छान बसतं. आरे वाकडेच केलेत, सरळ नाही! तेव्हा तू म्हणत होतास की शोभेसाठी वाकवलेत, आणि मी सांगत होतो की ओतलेलं बीड थंड होताना आकसतं, सरळ आऱ्यावर ताण येऊन तो तडकू शकतो, वाकडा जरा सामावून घेतो. त्या वादात माझं बरोबर होतं, हे आता तरी मान्य कर. स्टायरीन प्लास्टिकच्या शीटचे थर चिकटवून आरे कापले आणि एकेक कानसून गोल केला. सिलिंडर पितळी ट्यूबचा, त्यावर लाकडी पट्ट्यांचं लॅगिंग, उष्णता धरून ठेवणारं वेष्टण. नट मात्र तयार मिळतात ते नाही लावले. जुन्या व्हिटवर्थच्या, म्हणजे इंग्रजी इंची मापाच्या नटाचं डोकं आजच्या मेट्रिकपेक्षा चांगलंच मोठं, एक इंची बोल्टचा नट 1.67 इंच रुंद, म्हणजे मॉडेलवर जेमतेम पावणेदोन मिलिमीटर. एवढ्याशा फरकाने काय होतंय असं वाटेल, पण बारीक नट लावले की मशीन लगेच आजकालची दिसायला लागते. म्हणून षटकोनी रॉड घासून चकत्या पाडल्या. तुझी बायको म्हणेल दोघंही सारखेच वेडे, म्हणू दे.

आता खरी गोष्ट, जिच्यामुळे झोप उडालीय. भिंतीकडची बाजू.

पुढची बाजू आपण दोघांनी पाहिली, मोजली, फोटो काढले. पण व्हॉल्व्हचेस्ट (वाफेच्या व्हॉल्व्हची पेटी) आणि एक्सेंट्रिक (तो व्हॉल्व्ह हलवणारी, शाफ्टवर मध्य सोडून बसवलेली चकती) पलीकडे, फ्लायव्हील आणि बेडच्या (बैठकीच्या) फटीत. तिथे फक्त तू शिरला होतास, कारण तेव्हा तू शिरू शकत होतास (आता त्या फटीत तुझा एक हात जाईल). बाहेर आलास तो नखशिखांत काळा, टॉर्च माझ्याकडे फेकलास आणि म्हणालास, "रॉड आहे, एक लिव्हर आहे, चल भूक लागली." एवढंच. वहीत पण तेवढंच लिहिलंय.

कुठली लिव्हर रे?

बघ, क्रॉसहेडची, म्हणजे पिस्टनरॉडच्या टोकाच्या सरकत्या ठोकळ्याची, खालची स्लाइड घासून चकचकीत होती आणि वरच्या स्लाइडवर गंज होता, फोटोत स्वच्छ दिसतंय. म्हणजे चालताना जोर कायम खाली येत होता, म्हणजे फ्लायव्हीलचा वरचा भाग सिलिंडरपासून लांब जाणार, बहुतेक आडवी इंजिनं तशीच फिरायची. दिशा कळली. आता साध्या स्लाइड व्हॉल्व्हला एक्सेंट्रिक थेट जोडलेलं असेल तर ते त्या दिशेने क्रँकच्या 90 अंशांहून थोडं जास्त पुढे हवं. पण मधे रॉकर (झुलणारी लिव्हर) असेल आणि त्याचा पिव्हट (ती झुलते तो खिळा) मध्यावर असेल तर रॉडची चाल उलटी होते, मग एक्सेंट्रिक क्रँकच्या मागे जातं, 90 ला थोडं कमी. आणि पिव्हट रॉकरच्या खालच्या टोकाला असेल तर चाल उलटत नाही, परत पहिलाच हिशोब. आणि तू पाहिलेली लिव्हर वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरकडून थ्रॉटलला, म्हणजे वाफ कमीजास्त करणाऱ्या झडपेला, जाणारी असेल, तर रॉकर नव्हताच! तुझ्या एका शब्दावर माझं अख्खं इंजिन सुलटं नाहीतर उलटं फिरतंय.

मला माहितीय तू काय म्हणणार. मॉडेल भिंतीला टेकवून ठेवणार, मागचं कोण बघतंय. पंपाच्या मॉडेललाही तू हेच म्हणालास आणि मागची बाजू कोरी ठेवलीस, त्यावरून आपण किती दिवस बोललो नव्हतो आठवतंय ना. तेव्हा मूळ पंप जागेवर होता, ज्याला बघायचं त्याने जाऊन बघावं असं म्हणायची सोय होती. आता इंजिन नाहीये. त्या फटीतलं आता फक्त तुझ्या डोक्यात आहे. मी अंदाजाने काहीतरी बसवलं तर पुढे कुणी हेच खरं समजेल, आणि ते मला सहन होत नाही.

रंगसुद्धा त्याच्यावरच अडलाय. तू म्हणायचास गंज कुणीही रंगवतो, तेल रंगवून दाखव. पटतंय आता. जिथे वंगण उडतं तिथे गंज धरत नाही, तिथे तेलात धूळ बसून काळा चिकट थर होतो. गंज असतो ग्लँडखाली (रॉड सिलिंडरबाहेर येतो तिथलं पॅकिंग), वाफ गळून पाणी ओघळतं तिथे, वर पांढरट क्षाराची रेघ आणि खाली तपकिरी ओघळ. ताजा गंज नारिंगी, जुना जवळजवळ चॉकलेटी. बेडवर गंजाचा रंग, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर हिरवा ॲक्रिलिक आणि ओल्या ब्रशने पोपडे काढलेत, झकास जमलंय. खालच्या स्लाइडला पेन्सिलीचं ग्राफाइट घासलंय, लोखंडच वाटतं. पण मागे रॉकर असेल तर पिव्हटपाशी तेलाचा कप आणि खाली तेलाचा डाग हवा, नसेल तर तिथे कोरडा गंज. म्हणून ती बाजू अजून नुसत्या प्रायमरमधे आहे.

बाकी तुझं काय, नवीन नोकरी कशी आहे, आईंचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना, लेकीला सांग काकाने पत्र लिहिलंय खरंखुरं. अप्पा भेटले होते, तुझीच चौकशी.

एक काम कर. डोळे मिट, परत त्या फटीत शिर, आणि कागदावर काढ. कसंही काढ, तुझी चित्रकला मला माहितीय. लिव्हर उभी होती का आडवी, तिला एक रॉड होता का दोन, पिव्हट मध्यावर का खाली, बाण काढून दाखव. आणि आठवत नसेल तर आठवत नाही असं सरळ लिही, मनचं घालू नकोस. एक्सेंट्रिक शाफ्टवर नुसतं बसवून ठेवलंय, तुझं उत्तर येईपर्यंत चिकटवणार नाही.

तुझाच,
मी