बाबा, पाकिटं कपाटातच आहेत

ती. आई-बाबा, सा. न.

आधी घरचं सांगते, नाहीतर आई पुढचं वाचणारच नाही. तुळशीला रोज पाणी घालतेय, सिलेंडर नवा लावलाय आणि मागच्या कुंड्यांखालच्या ताटल्या काढूनच टाकल्यात, डास तिथेच होत होते.

आता मुद्दा. बाबा, तुमच्या डेंग्यूत धावून आलेल्यांसाठी तुम्ही आभाराची करून ठेवलेली पैशांची पाकिटं मी वाटली नाहीत. प्लेटलेट द्यायला आलेल्या मुलाच्या हातात ठेवायला गेले तर तो मागेच सरकला. रक्तपेढीत तासाभराहून जास्त वेळ हाताला मशीन लावून पडून होता तो, आणि प्लेटलेट काही साठवून ठेवायची गोष्ट नाही, पाचच दिवस टिकतात, म्हणजे बिचारा ऐनवेळी ऑफिस टाकून आलेला. अशा माणसाला काय पाचशेची नोट द्यायची? मग ठरवलं, प्रत्येकाला एकेक वॉटरकलर. तुम्ही म्हणाल, पोरगी स्वस्तात सुटली, पण कागद केवढ्याला पडतो ते विचारू नका, आणि उजाडायच्या आत घाटावर जाऊन बसावं लागतं, ऊन चढलं की पातळ रंगाचा वॉश पसरायच्या आतच वाळतो. त्याला नारोशंकराचं देऊळ दिलं, तुम्ही पाहुण्यांना 1747 सालचं म्हणून दाखवता ते. घंटेवरचा उजेड म्हणजे नुसता कोरा कागद आहे हं, पांढरा रंग लावलाच नाही. डबेवाल्या काकूंना घाट-बिट नको होता, त्यांना स्वतःचंच दार हवं होतं. काढलं, बाहेरच्या चपलांसकट.

रिक्षावाल्या काकांना मात्र हॉलमधलं पंचवटीच्या वाड्याचं दिलं. हो, टीव्हीच्या वरचंच. रागावू नका ना बाबा. त्या रात्री तुम्हाला जवळजवळ उचलून नेलं त्यांनी, नंतर चौकशीला आले आणि चित्रासमोरून हलेचनात, दोन गल्ल्या सोडून लहानपण गेलंय त्यांचं. त्या ओट्यावर तुम्ही मला मांडीवर घेऊन ब्रश धरायला शिकवलंत, तो मी डोळे मिटूनही काढेन, तुमच्यासाठी याहून मोठा काढते.

आणि हो, अंगदुखीला मनाने कुठलीही गोळी घ्यायची नाही, डॉक्टरांनी दिलीय तेवढीच. पुण्यातही डास आहेत आणि हा डेंग्यूचा दिवसा चावतो, तेव्हा दुपारी झोपताना मच्छरदाणी लावायचीच, दादा हसला तरी. आई, पपईच्या पानांचा रस आता बास, जेवू दे त्यांना नीट.

काकांचा फोन येईल तुम्हाला, तेव्हा पाकिटाचं अजिबात काढू नका. चित्र कुठे लावलंय, एवढंच विचारा.

तुमची,
छकुली