दोगोच्या पायऱ्यांवर भेटलेल्या आजोबांस

आदरणीय आजोबा,

सा. न. वि. वि.

जपानमधील मात्सुयामा शहरात, दोगोच्या गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ आपण मला आणि माझ्या आईला भेटलात, पण आपले नाव विचारायचे राहून गेले, म्हणून हे पत्र असे उघडपणे लिहीत आहे. ते मराठीत आहे, कारण आईचा निरोप मला दुसऱ्या भाषेत नीट सांगता येणार नाही.

इसानिवा देवळाच्या 135 दगडी पायऱ्या पाहून गुडघेदुखीने बेजार झालेली आई खालीच बसणार होती. आपण काही न बोलता तिची पिशवी उचललीत आणि दर पंधरा-वीस पायऱ्यांवर स्वतःच दमल्यासारखे थांबत राहिलात. (ही युक्ती तिने लगेच ओळखली होती.) वर गेल्यावर दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून पुन्हा एकदा वाकायचे, हे आपणच करून दाखवलेत.

मग फोनवरील अनुवादाच्या आधाराने आपण देवळाची कथा सांगितलीत. मात्सुयामाचे अधिपती मात्सुदाइरा सादानागा यांना शोगुनच्या, म्हणजे जपानच्या तेव्हाच्या लष्करी शासकाच्या, एदो किल्ल्यात धनुर्विद्येचे कौशल्य दाखवण्याची आज्ञा झाली, तेव्हा यश मिळाल्यास मोठे देऊळ बांधीन असे त्यांनी हाचिमान देवाला सांगितले आणि त्यातून 1667 मध्ये हे शेंदरी देऊळ उभे राहिले, अशी ती कथा होती. "म्हणजे नवसच की!" असे म्हणून आईने आपल्याला आमच्या वज्रेश्वरीची हकीकत ऐकवली: 1739 मध्ये वसई जिंकण्यासाठी चिमाजी अप्पांनी देवीला केलेला नवस, त्यातून बांधलेले देऊळ आणि त्याच्या परिसरातलीही गरम पाण्याची कुंडे. नवस या शब्दाचे फोनने काय केले कोण जाणे, पण आपण मनापासून मान डोलावलीत.

मी गणित शिकवते हे कळताच आपण मला गणिताच्या लाकडी पाट्यांबद्दल सांगितलेत. भूमितीचे अवघड प्रश्न सुटले म्हणून लोकांनी देवाला वाहिलेल्या अशा 22 पाट्या या देवळाकडे आहेत, हे मला ठाऊकच नव्हते. आपण भेटला नसतात तर मी खांबांचा रंग तेवढा पाहून परतले असते.

खाली उतरल्यावर स्थानकाजवळच्या गरम पाण्याच्या हौदात आईने पाय सोडले आणि आपण आपला सुती रुमाल तिला पुसायला दिलात. तो चुकून आमच्यासोबत नाशिकला आला आहे. आईने तो धुऊन, घडी करून ठेवला आहे आणि "आजोबांना सांग, गुडघे बरे आहेत," असा तिचा निरोप आहे.

आपली कृतज्ञ,
नाशिकची एक शिक्षिका