नायजेरियाचा व्हिडिओ आणि आमच्या नाक्यावरची माशांची पाटी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर नायजेरियाची बातमी होती, पाच-सहा ओळींची, वर हेडिंग 'ख्रिश्चन-मुस्लिम संघर्ष' आणि बाजूला जळक्या घराचा फोटो. बातमी खोटी नव्हती. पण त्याच दिवशी आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिथलाच, ख्रिश्चनांना मारतानाचा एक व्हिडिओ फिरला आणि खाली कुणीतरी लिहिलं, बंदरावरच्यांना पण दाखवा हे. बंदरावरचे म्हणजे तिथले मुसलमान, हे वेंगुर्ल्यात सगळ्यांना कळतं. दुसऱ्या दिवशी आमच्या नाक्यावर येणाऱ्या चाचांच्या पाटीत नऊ वाजले तरी बांगडे तसेच, बर्फाचं पाणी रस्त्यावर गळतंय, शेवटी ते कुणाला काही न बोलता पाटी उचलून निघून गेले. आणि आमच्या शेजारचा कॉलेजातला मुलगा मला विचारतो, "काका, ह्यो व्हिडिओ खरो काय ओ? तुमी थंय होतास मां?"

होतो. 1982 च्या संपात मुंबईतली गिरणी सुटली, मग भिवंडीला पॉवरलूमवर काही वर्षं काढली आणि 1997 ला एका एजंटामार्फत नायजेरियात कदुना शहरात कापडगिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, फिटर म्हणून गेलो, 2003 ला परत आलो. कदुना म्हणजे हौसा भाषेत मगरी, तिथल्या नदीवरून पडलेलं नाव. आमच्या साचेखात्यात एका साच्यावर मुसलमान, शेजारच्यावर ख्रिश्चन, डबे एकत्र उघडायचे, नमाजाच्या वेळी ख्रिश्चन माणूस दोन्ही साचे बघायचा आणि रविवारी उलटं.

तेव्हा तिकडे उत्तरेच्या राज्यांत शरियत कायदा आणायचं चाललेलं, झम्फारा राज्याने आधी आणला, मग कदुनात पण हालचाल सुरू झाली आणि कदुनात तर दोन्ही धर्माचे लोक जवळपास सारखेच. 21 फेब्रुवारी 2000 ला ख्रिश्चनांनी विरोधात मोर्चा काढला आणि संध्याकाळपर्यंत शहर पेटलं. चर्चं जळाली, मशिदी जळाल्या, मे महिन्यात परत पेटलं, दोन्ही वेळचं मिळून हजाराच्या वर माणसं गेली. गिरणी नदीच्या दक्षिणेला, काकुरी भागात, तिथे ख्रिश्चन जास्त. आमच्या खात्यातला हौसा, म्हणजे उत्तरेकडच्या मुसलमान जमातीतला, फिटर पाळी संपवून निघायच्या बेतात होता, त्याला खात्यातल्याच ख्रिश्चन कामगारांनी सुताच्या गोदामात बाचक्यांच्या मागे लपवला, दोन रात्री. त्यातल्या एकाची बायको गरी घेऊन यायची, गरी म्हणजे कसाव्याच्या कंदाचा रवा, पाण्यात भिजवून खातात, आणि ती गेटवर दरवेळी सांगायची की नवऱ्यासाठी आहे. तिसऱ्या दिवशी त्याला मिलिटरीच्या गाडीतून पुलापलीकडे पोचवला. ज्या माणसाने त्याला लपवला त्याच्या भावाचं घर त्याच रात्री पलीकडच्या तुडुन वाडात जळालं होतं, हे त्याला नंतर कळलं.

तो फिटर परत काकुरीत राहायला आला नाही. आणि तो एकटाच नाही, मुसलमान उठून उत्तरेला गेले, ख्रिश्चन दक्षिणेला, नदी म्हणजे बॉर्डर झाली. पुढे 2007 पर्यंत तिथल्या मोठ्या गिरण्याच बंद पडल्या, वीज नाही, बाहेरचं स्वस्त कापड आलेलं, हजारो तरुण रिकामे, हे गिरणगाव बघितलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

तर त्या मुलाला मी सांगितलं, असलं तिथे खरंच घडतं बाबा. ख्रिश्चनांना तिथे मारलं जातं हे अगदी खरं आहे आणि ते कुणी झाकू नये. 5 जून 2022 ला ओवो गावच्या चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेला आलेली चाळीसेक माणसं मारली. 2023 च्या नाताळच्या आदल्या रात्री प्लॅटो राज्यात गावंच्या गावं जाळली, शंभराच्या वर मेले, आपल्याकडे ख्रिश्चन शेजारी नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, ताटं पाठवतात ती रात्र. पण व्हिडिओ पाठवणारा हे नाही सांगत की नोव्हेंबर 2014 मध्ये कानो शहरातल्या मोठ्या मशिदीत शुक्रवारच्या नमाजाला बॉम्ब लावून शंभराच्या वर मुसलमान मारले, आणि झम्फारा, कात्सिना भागात बंदुकवाले ज्यांना पळवतात, मारतात ते बहुतेक मुसलमान शेतकरीच.

आणि भांडणाचं मूळ तरी बघा ना. प्लॅटो, बेनुए भागात शेती करणारे बहुतेक ख्रिश्चन, गुरं घेऊन फिरणारे फुलानी बहुतेक मुसलमान. उत्तरेत कुरण कमी झालं म्हणून गुरं दक्षिणेला येतात, जुन्या गुरांच्या वाटा नांगरून त्यावर शेतं झालीत, ढोरं पिकात घुसतात. आपल्याकडे ढोरं भातात शिरली तर शिव्या होतील, फार तर कोंडवाडा. तिथे हातात बंदुका आल्यात. दुसरं म्हणजे दाखला. प्लॅटोतल्याच जोस शहराजवळ इंग्रजांच्या काळात कथलाच्या खाणी निघाल्या, तिथे कामाला आलेल्या हौसांची तिसरी-चौथी पिढी झाली तरी त्यांना 'मूळ रहिवासी' म्हणून दाखला द्यायचा की नाही यावर वाद, आणि दाखला नाही तर सरकारी नोकरी अवघड, कॉलेजची फी वेगळी. 2001, 2008, 2010, तीनदा जोस पेटलं. गावकार कोण आणि उपरा कोण हे कोकणात पण पिढ्यान् पिढ्या चालतं, म्हणून मला ते लगेच समजलं.

पण मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा की शिक्षा सहसा कुणालाच होत नाही. मे 2022 मध्ये सोकोटोच्या कॉलेजात डेबोरा नावाच्या ख्रिश्चन मुलीने वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला की हा ग्रुप अभ्यासाचा आहे, धर्माचं कशाला टाकता. धर्मनिंदा केली म्हणून तिला कॉलेजातच दगडांनी मारून जाळली. तिच्या खुनासाठी कुणाला शिक्षा झाली नाही. एका ग्रुपवरचा एक मेसेज, संपादक साहेब. आणि आमच्या वाडीचा ग्रुप बघा, भजनाचा टाईम आणि लाईट कधी येणार एवढंच विचारायला काढलेला.

आता आपल्याकडे एक मागणी. जून 2018 मध्ये प्लॅटो राज्यातच हल्लेखोर मुसलमान होते आणि जीव घेऊन पळणारे ख्रिश्चन, तेव्हा अब्दुल्लाही अबुबकर नावाच्या ऐंशी ओलांडलेल्या इमामांनी 262 माणसं आपल्या घरात आणि मशिदीत लपवली, दारात उभे राहून हल्लेखोरांच्या हातापाया पडले, रडले, पण आत जाऊ दिलं नाही. सगळे वाचले. 2019 ला अमेरिकेने त्यांचा सत्कार केला. का केलंत असं विचारल्यावर ते म्हणाले की चाळीसेक वर्षांपूर्वी इथल्या ख्रिश्चनांनीच आम्हाला मशीद बांधू दिली. त्यांचा फोटो त्याच पानावर, जळक्या घराच्या फोटोएवढाच मोठा छापा. माझं पत्र लांबलंय, जागा नसेल तर गिरणीचं सगळं कापा, चालेल, पण ती मशिदीची ओळ कापू नका.

आपला,
एक जुना गिरणी कामगार, वेंगुर्ले