साच्यातून निघालेल्या कोडची जबाबदारी कोणाची?

महोदय,

यंत्राने लिहिलेल्या कोडविषयी वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञानविषयक पानांवर सध्या बरेच छापून येते आणि ते वाचताना हा सारा प्रकार कृत्रिम बुद्धिमत्तेबरोबरच अवतरला, असा समज होतो. वस्तुतः बेल लॅब्जमधील ‘याक’ हे साधन १९७०च्या दशकातच व्याकरणाचे नियम वाचून सी भाषेतील पार्सर, म्हणजे मजकुराची रचना ओळखणारा प्रोग्रॅम, लिहून देत होते. टेम्प्लेटवरून, म्हणजे ठरीव साच्यावरून, सोर्स कोडच्या फाइली तयार करून देणारी आजची कमांड-लाइन (लेखी आज्ञा देऊन चालवायची) साधने त्याच घराण्यातली आहेत. त्यांना अक्कल नाही, हीच त्यांची जमेची बाजू; कारण तेच टेम्प्लेट आणि साधनाने विचारलेल्या प्रश्नांना तीच उत्तरे दिली, की कोणीही कमांड चालवली तरी बहुधा तीच फाइल हाती येते. मात्र ती फाइल तयार झाल्यानंतर कोणी सांभाळायची, याचा विचार फारसा होत नाही आणि पुढच्या बहुतेक कटकटी तिथूनच सुरू होतात.

अशा फाइली दोन जातींच्या असतात. पहिल्या जातीच्या फाइली मूळ व्याख्या बदलली की पुन्हा तयार करायच्या असतात आणि त्यांना हात लावायचा नसतो. गो या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तर अशा फाइलीवर ‘कोड जनरेटेड’ आणि ‘डू नॉट एडिट’ असे शब्द असलेली ओळ ठरावीक नमुन्यात लिहिण्याचा संकेत आहे, जेणेकरून इतर साधनांनाही ती ओळखता यावी. दुसऱ्या जातीच्या फाइली एकदाच तयार होतात आणि त्या क्षणापासून आपल्या होतात. पहिल्या जातीच्या फाइलीत घाईघाईने केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी कमांड चालवताच पुसली जाते, हे निदान लवकर लक्षात तरी येते. दुसऱ्या जातीचे दुखणे मात्र वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते.

वेब-अ‍ॅप्लिकेशन बांधण्याच्या अँग्युलर या चौकटीचेच उदाहरण घ्यावे. नवा कंपोनंट, म्हणजे पडद्यावरचा एक घटक, तयार करण्याची कमांड दिली, की एरवी चार फाइली मिळतात आणि त्यांतील चाचणीच्या फाइलीत कंपोनंट तयार होतो की नाही, एवढेच तपासणारी एकच चाचणी असते. ती सुरुवात म्हणून दिलेली असते. पण अनेक प्रकल्पांत ती जशीच्या तशी राहते, हिरवी खूण दाखवत राहते आणि कंपोनंटची चाचणी झाली आहे, असा भास निर्माण करते. जँगो या पायथन भाषेतील वेब-चौकटीच्या कर्त्यांना ही वृत्ती ठाऊक असावी. नवा प्रकल्प तयार करताना ते साधन प्रत्येक वेळी वेगळी गुप्त किल्ली निर्माण करते आणि २०२१मध्ये आलेल्या ३.२ या आवृत्तीपासून त्या किल्लीच्या आरंभीच ‘जँगो-इनसिक्युअर’ (असुरक्षित) असे लिहिलेले असते. डीबगची, म्हणजे चुका शोधण्यासाठी आतला तपशील दाखवण्याची, सोय चालू असते ती असतेच, पण प्रत्यक्ष वापरात ती बंद ठेवा, अशी सूचनाही तिच्याच वर छापलेली असते. इतके करूनही ही सेटिंग्जची फाइल न वाचता सर्व्हरवर चढवणारे असतातच, हा भाग वेगळा.

याहून अवघड प्रश्न टेम्प्लेटमधल्या चुकीचा आहे. हाताने लिहिताना झालेली चूक एका फाइलीत राहते, तर टेम्प्लेटमधली चूक त्यावरून निघालेल्या प्रत्येक प्रकल्पात जाते; आणि मूळ टेम्प्लेट दुरुस्त केले तरी आधी निघालेल्या प्रतींना त्याची गंधवार्ताही नसते. टेम्प्लेटवरून प्रकल्प तयार करून देणाऱ्या ‘कॉपियर’ या साधनाने यावर एक समंजस उपाय केला आहे. टेम्प्लेटची कोणती आवृत्ती वापरली आणि प्रश्नांना कोणती उत्तरे दिली, याची नोंद प्रकल्पातल्याच एका छोट्या फाइलीत ठेवता येते आणि पुढे अपडेटची कमांड दिली, की टेम्प्लेटमधले नवे बदल आपण केलेल्या बदलांशी जुळवून घेतले जातात. जुळणी नेहमीच सुखाची होते असे नाही, पण निदान कोणता प्रकल्प मागे पडला आहे, हे तरी कळते.

तेव्हा ज्या संघांनी स्वतःची टेम्प्लेटे बनवली आहेत, त्यांनी ती कोणाच्या तरी नावावर करावीत, त्यांत बदल झाला की त्यावरून एक नमुना प्रकल्प तयार करून तो बिल्ड होतो का, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम बनतो का, आणि त्याच्या चाचण्या चालतात का, हे आपोआप तपासावे आणि तयार झालेली पहिली प्रत हात लावण्यापूर्वीच गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, स्वतंत्र कमिट (नोंद) म्हणून नोंदवावी. यंत्राने काय लिहिले आणि माणसाने काय बदलले, हे पुढे शोधायची वेळ आली, तर एका डिफमध्ये, म्हणजे दोन प्रतींतला फरक दाखवणाऱ्या यादीत, दिसते.

आपला,
एक संगणक-व्यावसायिक वाचक