दुखत असताना नानांना चालायला लावणाऱ्या फिजिओ ताईंना

ताई, रामराम.

तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही माहितीये. पण पत्र सगळ्यांसमोरच लिहितोय, कारण अमळनेरात नानांसारखी पोटरी धरून उभी राहणारी म्हातारी माणसं मला आता जागोजागी दिसायला लागलीत.

नाना घरून बाजारात निघाले की ठराविक अंतरावर उजवी पोटरी अशी आवळून यायची की पाऊल उचलेना, मग कुणाच्याही ओट्यापाशी उभं राहून कापसाचा भाव, पोरांची चौकशी, आणि दुखणं गेलं की पुढे. आम्ही समजायचो नाना म्हातारपणी फार बोलघेवडे झाले! एका ठिकाणी कमरेची नस सांगितली, पट्टा दिला, आराम करा म्हणाले, आणि नाना ओसरीवर बसले ते बसलेच.

तुम्ही पहिल्यांदा एकच विचारलं, दुखलं की बसावं लागतं का, की नुसतं उभं राहिलं तरी थांबतं? नाना म्हणे उभा राहिलो की जातं. नसेचं दुखणं असतं तर बसून नाहीतर पुढे वाकून बरं वाटलं असतं, हे रक्ताचं दिसतंय, म्हणत तुम्ही दंडाचा बीपी घेतला आणि मग घोट्याचाही, त्या छोट्या डॉप्लरवर, म्हणजे वाहिनीतल्या रक्ताचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्रावर, ठोके ऐकत. दंडाला १५०, घोट्याला ९०. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागलं की ०.६, आणि ०.९ च्या खाली आलं की पायाची रक्तवाहिनी अरुंद झालीय असं धरतात. तेवढ्यावर न थांबता तुम्ही आम्हाला रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवलं, तिथे कलर डॉप्लरमध्ये (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) मांडीतली वाहिनी चोंदलेली निघाली. वाहिनी उघडायला आत्ताच फुगा-स्टेंट नको, आधी औषधं आणि चालणं करून बघू असं ते म्हणाले, आणि चालण्याचं काम परत तुमच्याकडेच आलं.

नानांना समजेल असं तुम्ही सांगितलं ते मला फार आवडलं, की ठिबकच्या नळीत क्षार साचले की शेवटच्या झाडाला पाणी पुरत नाही, बसलं असताना पोटरीला तेवढ्या रक्तात भागतं पण चालताना मागणी वाढते आणि ती कळवळते. आणि हेही स्पष्ट सांगितलं की चालून नळी साफ होणार नाही, आजूबाजूच्या बारक्या वाहिन्या जास्त रक्त न्यायला लागतील आणि स्नायू कमी रक्तात काम करायला शिकतील.

मग ते चालणं. दुखण्याला पाचपैकी आकडा दिला तर तीन-चार इतकं दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पूर्ण गेलं की परत. सुरुवातीला थांबणं धरून अर्धा तास, हळूहळू पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, आणि १२ आठवडे होईपर्यंत फरक विचारायचा नाही. नाना पहिल्या दिवशी सगळ्या गल्लीला सांगत होते, "मना पाय दुखस, आनी हाई पोर म्हनस आखो चाल!" घरात आईसुद्धा तुमच्यावर चिडलेली, दुखणाऱ्या माणसाला कोणी चालवतं का म्हणून. तुम्ही फोनवर वेळ लावून शेजारून चालायच्या, आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळी सहाला, सात वाजले की घरी. हे फीमध्ये बसणारं काम नव्हतं ताई.

बिडीचं तुम्ही जे केलं ते आमच्याने आयुष्यभर झालं नसतं. रागावला नाहीत, नुसतं म्हणालात की बिडीने वाहिनी आणखी आकसते, ओढत राहिलात तर पाय काढायची वेळ येऊ शकते, आणि तंबाखू मळलात तरी ती काही सुटका नाही. नाना दोन दिवस गप्प होते, मग बंडल चुलीत गेलं. (मधे चोरून ओढल्या असतील, पण आता नाही.)

गोळ्यांचंही तसंच. नाना म्हणे मला कोलेस्टेरॉल नाही तर ती गोळी कशाला, तुम्ही समजावलं की पायाची वाहिनी अरुंद म्हणजे हृदयाची आणि मेंदूचीही जोखीम आली, म्हणून ती आणि रक्त पातळ ठेवायची गोळी दोन्ही लागतात. चालण्यासाठीची सिलोस्टॅझॉल ही गोळी सर्जननी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) बघूनच लिहिली होती, हार्ट फेल्युअर असलेल्याला ती चालत नाही, आणि ती जेवणाआधी अर्धा तास नाहीतर जेवणानंतर दोन तासांनी, हे तुम्ही भिंतीवर चिकटवून गेलात. गरम पाण्याची पिशवीही तुम्हीच बंद केली, रक्त कमी असलेल्या पायाला भाजलेलं कळत नाही आणि जखम लवकर भरत नाही म्हणून. रात्री झोपेत पाय दुखला, बोट काळं-निळं पडलं किंवा पाय अचानक गार पडला तर चालणं सोडून तडक दवाखाना, हे आईला आता पाठ आहे.

वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला नाना बोरी नदीच्या पात्रापर्यंत चालत गेले, मधे एकदाच थांबले, तेही म्हणे ओळखीचा भेटला म्हणून. परवा घोट्याचा बीपी परत बघितला तर आकडा जवळपास तोच, नाना जरा हिरमुसले, पण तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की आकडा फारसा हलत नाही, चालायचं अंतर वाढतं, म्हणून निभावलं.

हिवाळ्यात वांगी आली की भरीत आणि कळण्याची भाकरी खायला यायचंच, आई चिडलेली नाही आता. आणि नाना विचारताहेत, सपाटीवर पाऊण तास आरामात होतो, तर चढाच्या रस्त्याने सुरू करू का? तेवढं सवडीने कळवा.

नानांचा मोठा मुलगा